टुरिस्ट व्हिसावर बोलवा, कोण विचारतंय?

‘अहो, दोन दिवसांची तर परिषद. टुरिस्ट व्हिसावर बोलवा, कोण विचारतंय?’ गुहागर-अंजनवेल पट्ट्यात परदेशी पाहुणा येणार असं कळलं, की पहिला चहा व्हायच्या आत हा सल्ला मिळतो. देणाऱ्यांपैकी कुणाचा भाचा दुबईला असतो, कुणाची सून न्यू जर्सीला. त्यामुळे आवाजात खात्री भरपूर. मुंबई-पुण्याच्या परिषदेला आलेला एखादा अभ्यासक गुहागरची कासवं किंवा आमचा अंजनवेलचा गोपाळगड पाहायला इकडे उतरतो, म्हणून हा सल्ला नुसता हसण्यावारी नेता येत नाही.

तर ऐका. विचारतात. भारताच्या ई-व्हिसात पर्यटन, व्यवसाय, उपचार असे प्रकार आहेत आणि परिषदेसाठी ई-कॉन्फरन्स हा वेगळा प्रकार आहे. पर्यटन व्हिसा भटकंतीसाठी, मित्र-नातेवाइकांच्या भेटीसाठी, फार तर छोट्या योगवर्गासाठी. व्यासपीठावरून शोधनिबंध वाचणं त्यात बसत नाही, मग निबंध कासवाच्या अंड्यांवर असो की गडाच्या तटबंदीवर. ‘इथं आल्यावर बदलून घेऊ’ हेही चालत नाही. ई-व्हिसाचा प्रकार बदलून मिळत नाही आणि मुदतही वाढत नाही.

‘पण कितीतरी जण असेच येऊन गेले!’ गेले असतील. अडचण पुढच्या खेपेला येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदी साहित्याच्या नामवंत अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना पाच वर्षांचा ई-व्हिसा असतानाही दिल्ली विमानतळावरून परत पाठवलं गेलं. कारण सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारी सूत्रांच्या हवाल्यानं बातम्यांत आलं ते असं, की आधीच्या भेटींत व्हिसाच्या अटी मोडल्याबद्दल मार्च २०२५ पासून त्यांचं नाव काळ्या यादीत होतं. त्यावर बरंच रण माजलं, ते योग्यच होतं. पण त्या वादात न शिरताही आयोजकानं घ्यायचा तो धडा घ्यावा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे. व्हिसाच्या अटी मोडल्या तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सल्ला देणारे काका तेव्हा ओटीवर असतात. खिडकीसमोर उभा असतो तो पाहुणा.

याच गैरसमजाचं दुसरं टोक म्हणजे ‘निमंत्रणपत्र धाडलं, आपलं काम संपलं’. संपत नाही. ई-कॉन्फरन्ससाठी निमंत्रणाबरोबर परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते, आणि काही परिषदांना गृह मंत्रालयाचीही. बर्लिनमध्ये बसलेला पाहुणा या मंजुऱ्या कुठून आणणार? त्या आयोजकानंच मिळवायच्या, तेही पत्रिका छापायला टाकण्याआधी. पत्रात पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, परिषदेचं ठिकाण, तारखा आणि खर्च कोण करणार हे असावं. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ एवढ्यावर व्हिसा मिळत नाही. आणि अंजनवेलची फेरी ठरली असेल, तर तीही कार्यक्रमात लिहावी; लपवण्यासारखं तीत काही नाही.

बाकीचे गैरसमज भराभर. ई-व्हिसा म्हणजे उतरल्यावर मिळणारा व्हिसा नव्हे. निघण्याआधी मंजुरी हातात हवी, नाहीतर विमानकंपनीच बसू देत नाही. उतरल्यावर व्हिसा मिळतो तो जपान, दक्षिण कोरिया आणि अमिरातीच्या नागरिकांना, तोही अटींसह. नेपाळ-भूतानच्या नागरिकांना मात्र व्हिसाच लागत नाही, त्यांच्या मागे उगाच कागद लावू नका.

‘आमच्या दाभोळ खाडीच्या तोंडाशी एलएनजीची परदेशी जहाजं लागतात, मग पाहुणा बोटीनं आला तर?’ येऊ नये. ई-व्हिसावर समुद्रमार्गे मुंबई, मुरगाव अशा ठरावीक बंदरांतूनच प्रवेश आहे, त्यांत दाभोळ नाही. (कागदाशिवाय समुद्रात शिरायची सोय इथं जुन्या काळीही नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा कार्ताझ हा परवाना जवळ नसला, तर जहाज जप्त व्हायचं.)

घरी उतरवला तर नोंद नको, हेही खोटं. लोक ज्याला सी-फॉर्म म्हणत आले ती नोंद पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत ऑनलाइन करायची असते. लॉज असो, होमस्टे असो की आपलं घर.

परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. परिषदेला यायला ते पुरतं, पण इथं संशोधन करायचं तर २०२१ च्या अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी लागते.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळालाच, असंही नाही. मार्च २०२२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फिलिप्पो ओसेला केरळच्या किनाऱ्यावरच्या समाजांवरील परिषदेसाठी निघाले आणि तिरुवनंतपुरम विमानतळावरूनच त्यांना माघारी धाडण्यात आलं. शेवटचा शब्द इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. म्हणून पाहुण्याच्या हाती आयोजकाचा चालू फोन नंबर द्या आणि पाहुणा उतरेल त्या रात्री फोन उचला.

व्हिसापलीकडच्याही दोन गोष्टी. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिकी किंवा दक्षिण अमेरिकी देशातून येणाऱ्याकडे लशीचा दाखला हवा, आणि लस निदान दहा दिवस आधीची हवी; नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सॅटेलाइट फोन आणि गिर्यारोहकांकडे असतात तसली उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आणता येत नाहीत. समुद्रावर काम करणाऱ्या अभ्यासकाच्या सामानात ती हमखास निघतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधीच त्याच्याकडून सामानाची यादी मागवून घ्या.