आई-बाबा त्याच दवाखान्यात का जातात?

भारतात राहणाऱ्या आई-बाबांशी होणारा एक संवाद आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा असेल. आपण इकडून सांगतो, "बाबा, त्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये एकदा नीट दाखवून घ्या, पैशांची काळजी करू नका." तिकडून उत्तर येतं, "बघू. आपले डॉक्टर आहेत ना कोपऱ्यावर, त्यांच्या गोळ्यांनी बरं वाटतंय." फोन ठेवल्यावर आपण मनाशी ठरवून टाकतो, की हा हट्ट आहे, नाहीतर जन्माची काटकसर.

माणसं दवाखान्यात केव्हा जातात आणि कुठल्या जातात, या प्रश्नावर गेली साठेक वर्षं रीतसर अभ्यास होतो आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ साली मांडलेली चौकट आजही वापरली जाते. त्यांच्या मते या निर्णयामागे तीन प्रकारच्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे माणूस मुळात कसा आहे: वय, शिक्षण, घरातलं स्थान, औषधोपचारांबद्दलच्या समजुती. दुसरी, त्याच्या हाताशी काय आहे: पैसा, विमा, वाहन, सोबतीला माणूस. आणि तिसरी, गरज. गंमत अशी की आपण परदेशातून बोलतो ते जवळजवळ फक्त गरजेबद्दल, आणि आई-बाबांचा निर्णय मात्र बऱ्याच वेळा दुसऱ्या गटातल्या गोष्टींवर ठरतो.

गरजेचंही दोन तऱ्हांनी मोजमाप होतं. तपासणीत दिसणारी गरज वेगळी आणि माणसाला स्वतःला वाटणारी वेगळी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांना मागच्या १५ दिवसांतलं आजारपण विचारलं होतं. सर्व वयांत मिळून शंभरातल्या सात-आठ जणांनी आजारी असल्याचं सांगितलं. साठीपुढच्यांत हे प्रमाण चारातल्या एकापेक्षा जास्त होतं. आणि हे फक्त सांगितलेलं आजारपण. "वयाप्रमाणे गुडघे दुखणारच" असं म्हणून अंगावर काढलेलं दुखणं अशा मोजणीत अनेकदा येतच नाही. रक्तदाब आणि मधुमेह तर सुरुवातीला दुखतही नाहीत, त्यामुळे गरज असूनही ती जाणवत नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण तिथे आपला सर्वांत मोठा गैरसमज असतो. "विमा काढलाय की!" हे वाक्य ओपीडीला बहुधा लागू पडत नाही. भारतातला आरोग्य विमा मुख्यतः खाटेवर झोपलेल्या रुग्णासाठी असतो. आयुष्मान भारत योजना २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली, उत्पन्न कितीही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. चांगलीच गोष्ट आहे. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. दर महिन्याला डॉक्टरांना दाखवणं, रक्त तपासणं आणि महिन्याच्या गोळ्या आणणं हा खर्च खिशातूनच होतो, आणि त्यातही मोठा वाटा औषधांचा असतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएसमधून ओपीडी आणि औषधं मिळतात, पण असे भाग्यवान थोडे.

खिशातून द्यावं लागलं की माणूस काय करतो, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. तिथल्या काही मेडिकेअर योजनांनी ओपीडी भेटीमागे रुग्णाने भरायची रक्कम वाढवली. अमल त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. रक्कम न वाढवणाऱ्या योजनांशी तुलना करता, दर शंभर वृद्धांमागे वर्षाला सुमारे २० ओपीडी भेटी कमी झाल्या, आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग सुमारे दोनने वाढले. म्हणजे छोट्या भेटी टाळून वाचवलेला पैसा मोठ्या बिलाच्या रूपाने परत आला. भरतीचा खर्च झाकायचा आणि ओपीडीचा उघडा ठेवायचा, ही भारतातली रचना वृद्धांना नेमकी याच दिशेला ढकलते असं मला वाटतं.

पण मग फुकट मिळालं तर प्रश्न सुटतो का? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. तरी फी नसलेल्या ठिकाणीही किंमत असतेच, ती वेळेत आणि कष्टांत मोजावी लागते. सकाळी लवकर निघायचं, केस पेपर काढायचा, नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसायचं, मग तपासणीची खिडकी वेगळी आणि औषधांची वेगळी. पंचाहत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला हे एकटीने जमत नाही. सोबत मुलगा-सून हवी, म्हणजे त्यांची रजा हवी, आणि "माझ्यासाठी कशाला रजा" हे वाक्य तर ठरलेलंच. बायकांच्या बाबतीत हा अडसर दुहेरी असतो, कारण अनेकींच्या हातात स्वतःचा पैसाही नसतो. वर उल्लेखलेल्या पाहणीत, सर्व वयांत मिळून, आजारपणाच्या साधारण ३० टक्के प्रसंगीच लोक सरकारी दवाखान्यात गेले. बाकी बहुतेक खाजगीकडे वळले.

अंतराचा परिणाम तर फार जुना शोध आहे. एडवर्ड जार्विस या मॅसॅच्युसेट्समधल्या डॉक्टरांनी १८५० च्या दशकातच दाखवलं होतं, की मनोरुग्णालयाच्या जवळ राहणारे लोक त्याचा जास्त उपयोग करतात, दूरचे कमी. वृद्धांसाठी "दूर" किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला दुसरा मजला पाच किलोमीटरवरच्या तळमजल्यापेक्षा लांब असू शकतो. रिक्षा दारापर्यंत येते का आणि वाटेत स्वच्छतागृह आहे का, यावरही बेत ठरतो किंवा मोडतो.

आणि मग तो कोपऱ्यावरचा डॉक्टर. "त्यांच्या हाताला गुण आहे" म्हटलं की आपण हसतो, पण त्या गुणाचा काही भाग मोजता येतो. इंग्लंडमध्ये ६२ ते ८२ वयाच्या दोन लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. जे रुग्ण वारंवार एकाच डॉक्टरकडे जात होते, त्यांच्यावर वेळीच उपचारांनी टाळता येणाऱ्या आजारांसाठी भरती होण्याची वेळ कमी आली. हा केवळ परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरी कारण समजण्यासारखं आहे: ओळखीच्या डॉक्टरला "आज तुम्ही नेहमीसारखे दिसत नाही" हे कळतं, नवख्याला कळत नाही.

अर्थात ओळखीचा डॉक्टर म्हणजे चांगलाच डॉक्टर असं नाही. दर थकव्याला सलाईन लावणारे आणि दर सर्दीला अँटिबायोटिक देणारेही वर्षानुवर्षांच्या ओळखीचे असतात. म्हणून "ते सोडा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा" म्हणण्यापेक्षा थोडं खोलात विचारावं. शेवटचं एचबीएवनसी कधी केलं? डोळ्यांच्या मागच्या पडद्याची तपासणी झाली का? एकूण गोळ्या किती, आणि त्या सगळ्या एकाच डॉक्टरला दाखवल्या आहेत का? उत्तरं नीट आली तर तो दवाखाना सोडायचं कारण नाही. नाही आली तर तज्ज्ञाकडे नेताना भेटीची वेळ, गाडी आणि सोबतीचा माणूस या तिन्हींची सोय इकडूनच करावी. नुसते पैसे पाठवून त्यातलं काही आपोआप होत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. आई-बाबांबरोबर त्यांचे डॉक्टरही म्हातारे होत असतात. त्यांनी दवाखाना बंद केला, की तीस वर्षांचा इतिहास बहुधा त्यांच्या डोक्यातच राहतो, कागदावर नसतो. पुढच्या भारतभेटीत त्यांच्याकडे जाऊन आजारांची, ॲलर्जींची आणि चालू औषधांची एक पानभर यादी मागून घ्या, आणि तिचा फोटो आई-बाबांच्या व तुमच्या फोनमध्ये ठेवा.