सांधा बदलताना

आमच्या वयाची कोल्हापूरकडची पोरं विहिरीत पोहायला शिकली. पाठीला डबा बांधायचा आणि काकानं वरून ढकलायचं. त्या बळावरच बेचाळिसाव्या वर्षी मी स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव दिलं. 750 मीटर पोहणं, लगेच 20 किलोमीटर सायकल, लगेच 5 किलोमीटर पळणं. त्यात काय एवढं?

25 मीटरच्या टँकमध्ये 750 म्हणजे तीस फेऱ्या. चौथ्या फेरीलाच मी कठडा धरला. विहिरीत आम्ही उड्या मारत होतो, पोहत कुठं होतो! चूक श्वासाची निघाली. तोंड पाण्यात असताना मी दम कोंडून ठेवायचो. मग मान वर आली की सोडायचा आणि घ्यायचा, दोन्हीची एकच घाई. पाण्यातच बुडबुडे सोडायला महिना गेला. पुढं तलावात उतरल्यावर कळलं, की तिथं तळाला काळी रेघ नसते. सहा-आठ हात मारले की मगरीसारखे डोळे वर काढून खूण बघायची, नाहीतर माणूस भलतीकडंच जातो.

सायकलचं विशेष नाही. पन्हाळ्याच्या रस्त्यानं पायांना सवय लावली. खरी गंमत उतरल्यावर. पळायला लागलो तर गुडघ्याखाली ओंडके बांधलेले! शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवले, की ते जरा लवकर ताळ्यावर येतात.

आणि मधले सांधे? कपडे-बूट बदलताना घड्याळ थांबत नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरची सायकल काढायची नाही, हा नियम. म्हणून रोज संध्याकाळी अंगणात टॉवेल अंथरायचा, त्यावर बूट, बुटात टाल्कम पावडर, नाडीच्या जागी इलॅस्टिक. डोक्यावर बादली ओतून घ्यायची आणि धावत यायचं. आई दारातून बघायची. ‘‘बंबावर नोकरी लागलीया व्हय रं तुला?’’

पहिल्या दिवशी या साऱ्याला तीन मिनिटं दहा सेकंद लागले. त्यातलं निम्मं एका पट्ट्यात गेलं. ओली बोटं थरथरत होती आणि खटका काही सापडेना. आता सव्वा मिनिटात होतं.

तुम्ही नाव देणार असाल तर महागडी सायकल नंतर बघा. आधी ओल्या हातांनी हेल्मेटचा पट्टा लावून पाहा.