ढलप्यांचा ढीग आणि ओढ्याचे पाणी

पुण्या-मुंबईत एप्रिल-मे म्हणजे झाडांच्या छाटणीचा हंगाम. वळवाच्या वाऱ्यात फांद्या अंगावर, गाड्यांवर कोसळू नयेत म्हणून सोसायट्या रीतसर परवानगी काढून त्या उतरवून घेतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी चिपर मागवतात: एका बाजूने फांदी आत, दुसऱ्या बाजूने ढलप्या बाहेर. ट्रकच्या खेपा वाचतात, बागेला आच्छादन मिळते. काम चांगलेच आहे. घोळ होतो तो ढीग टाकण्याच्या जागेत. मोकळी जागा बहुधा मागच्या कुंपणाशी सापडते, आणि पुष्कळदा कुंपणापलीकडे ओढा असतो.

पाने-काटक्या ओढ्यात एरवीही पडतात, मग ढलप्यांनी असे काय बिघडते? १० सेंटिमीटर जाडीची, मीटरभर लांब फांदी घ्या. तिचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिच्याच ३ सेंटिमीटर लांब, २ रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड अशा ढलप्या केल्या, की तो साडेचार चौरस मीटरच्या आसपास जातो. इतकी ताजी साल आणि आतले लाकूड एकदम उघडे पडल्यावर त्यातली टॅनिन, साखर, फिनॉल वर्गातली द्रव्ये पहिल्याच सरीत चहाच्या पुडीसारखी उतरतात. खात्री करायची असेल तर बाभळीच्या मूठभर ढलप्या बादलीत रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पाणी तपकिरी दिसेल. त्यात गंजका खिळा टाकून ठेवला तर काळपट शाईसारखे होईल.

रंगाहून मोठा प्रश्न प्राणवायूचा. २५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. माशांची पैदास होण्याजोग्या पाण्यात तो निदान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आता हिशेब पाहा: एक किलो कोरडे सेल्युलोज पूर्ण कुजायला सुमारे १.२ किलो प्राणवायू लागतो, म्हणजे दीड लाख लिटर पाण्यातला सगळा. घट्ट लाकूड हा प्राणवायू सावकाश, वर्षानुवर्षे खाते. विरघळून उतरलेली साखर मात्र जिवाणू काही दिवसांतच फस्त करतात. त्यात मे महिन्यातला ओढा म्हणजे कोमट पाण्याची बारीक धार. वळवाची एखादी सर ढीग धुऊन काढते, पण ओढा वाहता करायला पुरत नाही. अशा वेळी गेलेला काढा जागच्या डबक्यात साचतो, आणि मासे तोंड वर काढू लागतात.

पाल्यासकट दळलेला ढीग आणखी वाईट. गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात घालतात तो त्यातल्या नत्रामुळे. तेच नत्र डबक्यात उतरले की शेवाळ माजते. पाला आधी झाडून वेगळा करावा आणि कंपोस्टला लावावा.

बहुतेक जण उताराच्या खालच्या कडेला जाळी बांधतात. जाळी ढलप्या अडवते, त्यातून निथळलेला काढा नाही. म्हणून सगळा जोर वरच्या बाजूला हवा: पाणी ढिगात शिरूच द्यायचे नाही. ओढ्यापासून निदान १० मीटर, उतार तीव्र असेल तर आणखी लांब, उंचवट्यावर जागा निवडावी. पूर आल्यावर पाणी कुठवर चढते, हे जुन्या रहिवाशांना विचारून घ्यावे. ढिगाच्या वरच्या अंगाला वीतभर उंचीचा मातीचा बांध घालून वाहते पाणी दोन्ही बाजूंना वळवावे. चिपरचे तोंड ओढ्याकडे पाठ करून लावावे आणि ढलप्या ताडपत्रीवर पाडाव्यात. संध्याकाळी आभाळ भरले, तर दुसरी ताडपत्री वरून घालून कडांवर दगड ठेवावेत. खाली काथ्याच्या गुंडाळ्या किंवा मातीची पोती आडवी लावावीत, पण ती शेवटची फळी. मधला गवताचा पट्टा मुळीच खरवडू नये.

करवतीकडेही लक्ष हवे. साखळी करवतीला घातलेले तेल परत टाकीत येत नाही, ते भुशासोबत उडत राहते. जुने इंजिन ऑइल त्यासाठी वापरू देऊ नये, आणि इंधन भरायचे ते ओढ्यापासून लांब, ट्रेवर.

मुख्य म्हणजे ढीग ठेवूच नये. ३-४ इंचांचा थर झाडांच्या आळ्यात, खोडापासून वीतभर जागा सोडून, पसरून टाकावा. पातळ थरातून पडणारे पाणी खालच्या मातीत मुरते आणि तीच ढलपी मातीची धूप थांबवते. उरलेला माल त्याच दिवशी उचलायला लावावा; ही अट कंत्राटातच लिहावी. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ नाल्यात दूषित करणारे पदार्थ सोडायला मनाई करतेच, शिवाय प्रवाह अडवणाऱ्या वस्तूंनाही करते. मोरीत अडकलेल्या ढलप्या दोन्ही गोष्टी करतात.

एवढे करूनही ढलप्या ओढ्यात गेल्याच, तर लगेच काढाव्यात. ताज्या ढलप्या तरंगतात, पाणी प्यायल्या की तळाला बसतात आणि मग हाती लागत नाहीत. खालच्या अंगाला, शक्यतो मोरीच्या अलीकडे, जाळी आडवी धरून वरून दाताळ्याने हळूहळू ओढत आणावे. जेसीबी उतरवू नये. तो तळच ढवळून काढतो.