एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडत नाहीये? घाबरून काही डिलीट करण्याआधी हे वाचा

१ ऑगस्टच्या सुमारास रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गडबड सुरू होते. दोन महिने बंदरात उभ्या असलेल्या बोटींवर जाळी चढतात, बर्फ भरला जातो आणि खलाशी पुन्हा समुद्रात जायला निघतात. जेटीवर उभं राहून हे सगळं मोबाइलवर टिपणारेही आता कमी नाहीत. पहाटेचा लिलाव, टोपल्यांतली सुरमई-बांगडा, बोटीवरचा दिवस असे कोकणातले व्हिडिओ यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर आवडीने पाहिले जातात.

आता समजा, असं तीन दिवसांचं शूटिंग झालं. रात्री जागून अर्ध्याहून जास्त एडिटिंगही झालं. सकाळी प्रोजेक्ट उघडायला गेलं तर स्क्रीनवर मेसेज, 'फाइल उघडता येत नाही'.

राज्यात पावसाळी मासेमारी बंदी गेली काही वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. म्हणजे बंदीनंतर पहिल्यांदा बोटी निघण्याचा क्षण पुन्हा टिपायचा तर थेट पुढच्या वर्षी. अशा वेळी 'सगळं गेलं' असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा सगळं गेलेलं नसतं. घाबरून पहिल्या दहा मिनिटांत जे केलं जातं, त्यानेच ते जाण्याचा धोका जास्त असतो.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच

जेटीवर लिलाव होतो तेव्हा मासळी कुणाची, कुणी घेतली आणि काय भावाने, हे वहीत लिहिता येतं. पण वहीत मासळी नसते, ती टोपलीतच असते.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे ही वही. कोणती क्लिप कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत घ्यायची, गाणं कुठे सुरू करायचं, नाव कुठे झळकवायचं, एवढ्याच नोंदी तिच्यात असतात. मूळ व्हिडिओ मेमरी कार्डात, हार्ड डिस्कवर किंवा फोनच्या गॅलरीत असतात. म्हणूनच शूटिंग ५० जीबीचं असलं तरी प्रोजेक्ट फाइल बऱ्याचदा काही एमबीचीच असते. अॅडोबी प्रीमियर प्रोची प्रोजेक्ट फाइल तर आतून चक्क मजकुराची फाइल आहे, फक्त दाबून लहान केलेली.

त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारायचा : वही खराब झाली आहे, की टोपली जागेवर नाही?

आधी काय करायचं नाही?

अॅप अनइन्स्टॉल करू नका. कार्ड फॉरमॅट करू नका. 'क्लिअर डेटा' दाबू नका. प्रोजेक्ट अर्धवट उघडला असेल, तर त्यावरच 'सेव्ह' करू नका, नाहीतर खराब नोंद चांगल्या नोंदीवर लिहिली जाईल.

सगळ्यात आधी प्रोजेक्ट फाइलची एक कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करायचे.

मेसेज काय येतोय, ते नीट वाचा

१. 'मीडिया ऑफलाइन'. प्रोजेक्ट उघडतो, पण क्लिपच्या जागी लाल पडदा दिसतो. इथे वही ठीक आहे, टोपली हलली आहे. फोल्डरचं नाव बदललं असेल, कार्ड काढलं असेल किंवा विंडोज कॉम्प्युटरवर कालपर्यंत 'ई' असलेली हार्ड डिस्क आज 'एफ' झाली असेल. फाइल मूळ जागी, मूळ नावाने परत ठेवली की बऱ्याचदा काम होतं. नाहीतर प्रीमियरमध्ये 'लिंक मीडिया' आणि दाविंची रिझॉल्व्हमध्ये 'रिलिंक' वापरून नवी जागा दाखवायची. फोनवर याचं नेहमीचं कारण म्हणजे गूगल फोटोजमधलं 'फ्री अप स्पेस'. बॅकअप झालेल्या क्लिप त्यामुळे फोनमधून निघून जातात. त्या पुन्हा डाउनलोड करता येतात.

२. 'हा प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केला आहे'. फाइल शाबूत आहे, पण सॉफ्टवेअर जुनं आहे. मुंबईतल्या मित्राने नव्या प्रीमियरमध्ये काम करून फाइल पाठवली आणि रत्नागिरीतल्या कॉम्प्युटरवर जुनं व्हर्जन असलं, की हे होतं. सरळ उपाय म्हणजे तेच किंवा त्याहून नवं व्हर्जन टाकणं. ते शक्य नसेल तर मित्राला एक्सएमएल फाइल एक्स्पोर्ट करायला सांगा. त्यात कट टिकतात, काही इफेक्ट मात्र पुन्हा द्यावे लागतात.

३. 'प्रोजेक्ट डॅमेज झाला आहे'. इथे वहीच फाटली आहे. सेव्ह होत असताना वीज गेली, डिस्क भरली किंवा पेनड्राइव्ह मध्येच ओढून काढला, तर फाइल अर्धवट लिहिली जाते. आधी फाइलचा आकार बघा. शून्य केबी दिसत असेल तर तिच्यात काहीच उरलेलं नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. जुनी प्रत शोधा. प्रीमियरमध्ये 'ऑटो-सेव्ह' नावाचा फोल्डर असतो, साधारणपणे मूळ प्रोजेक्टच्या शेजारीच. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'प्रोजेक्ट बॅकअप्स' बघायचे. फायनल कट प्रोमध्ये 'ओपन लायब्ररी'खाली 'फ्रॉम बॅकअप' मिळतं. अर्ध्या तासाचं काम पुन्हा करावं लागलं, तरी तीन रात्रींचं वाचतं.

फाइलला आकार आहे पण ती उघडत नाही, असं असेल तर प्रीमियरमध्ये नवा कोरा प्रोजेक्ट तयार करा आणि खराब प्रोजेक्ट त्यात 'इम्पोर्ट' करून बघा. निदान काही सीक्वेन्स तरी सुटून येऊ शकतात.

४. काहीच मेसेज नाही, सॉफ्टवेअर लटकतं किंवा बंद पडतं. बऱ्याचदा एखादी खराब क्लिप, फॉन्ट किंवा प्लगइन वाट अडवून बसलेलं असतं. ज्या फोल्डरमध्ये व्हिडिओ आहेत त्याचं नाव तात्पुरतं बदला. सॉफ्टवेअरला क्लिप सापडणार नाहीत, पण प्रोजेक्ट उघडू शकेल. मग क्लिप थोड्या थोड्या करून पुन्हा जोडा. कुठल्या क्लिपला सॉफ्टवेअर बंद पडलं, ते लगेच कळतं.

फोनवर एडिटिंग करणाऱ्यांचा धोका वेगळा

कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट फाइल डोळ्यांना दिसते, तिची कॉपी करता येते. फोनवरच्या अनेक अॅप्समध्ये तुमचा ड्राफ्ट अॅपच्या स्वतःच्या जागेत असतो. अॅप काढून टाकलं की अँड्रॉइड ती जागाही साफ करतं आणि ड्राफ्ट त्यासोबत जातात. 'क्लिअर डेटा' केलं तरी तेच. 'क्लिअर कॅश'मध्ये सहसा फक्त तात्पुरत्या फाइल जातात. ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, म्हणून दाबण्याआधी दोनदा वाचा.

ड्राफ्ट अॅपच्या हवाली असणं म्हणजे काय, हे देशाने २०२० मध्ये पाहिलं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकचं नाव गाजलं, पण त्या यादीत व्हिवाव्हिडिओसारखं एडिटिंगचं अॅपही होतं. अशा वेळी गॅलरीत सेव्ह केलेला तयार व्हिडिओ तुमच्याकडे राहतो. अर्धवट ड्राफ्ट मात्र दुसऱ्या कुठल्याही अॅपमध्ये उघडत नाही, कारण प्रत्येक अॅपची वही आपापल्या लिपीत लिहिलेली असते.

म्हणून लांबलचक काम असेल तर दिवसाच्या शेवटी, जेवढं झालंय तेवढं, एकदा व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा. ड्राफ्ट गेला तरी तेवढं हातात राहतं. काइनमास्टरसारख्या अॅपमध्ये पूर्ण प्रोजेक्टच फाइल म्हणून बाहेर काढता येतो. तुमच्या अॅपमध्ये ती सोय आहे का, ते आजच बघा.

आणि क्लिपच डिलीट झाल्या असतील तर?

कार्ड लगेच बाहेर काढा आणि त्यावर नवीन काहीही शूट करू नका. डिलीट केल्यावर आधी फक्त नोंद पुसली जाते, व्हिडिओचा डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कार्डातच राहू शकतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर तोच शोधतं. फोनच्या आतल्या मेमरीतून मात्र असं परत मिळवणं फार अवघड असतं. त्याआधी गॅलरीतलं 'ट्रॅश' बघायला विसरू नका.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून

अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ नियम जगभर वापरला जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. साध्या भाषेत सांगायचं तर एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे. ऑटो-सेव्हला बॅकअप समजू नका. तो बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो.

प्रत्येक व्हिडिओसाठी एकच फोल्डर करा. क्लिप, गाणी, फोटो, फॉन्ट आणि प्रोजेक्ट फाइल सगळं त्यातच, आणि काम संपेपर्यंत कशाचंही नाव बदलायचं नाही. दुसऱ्याला काम पाठवताना नुसती प्रोजेक्ट फाइल व्हॉट्सअॅप करून उपयोग नाही. प्रीमियरमध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजर' आणि रिझॉल्व्हमध्ये 'प्रोजेक्ट आर्काइव्ह' वापरलं की वही आणि टोपली एकत्र जातात. आणि काम मध्यावर असताना सॉफ्टवेअर अपडेट करू नका.

वही फाटली तर दोन रात्री जागून पुन्हा लिहिता येते. टोपलीच गेली तर पुढच्या ऑगस्टची वाट बघावी लागते. त्यामुळे जेटीवरून घरी आल्यावर एडिटिंगला बसण्याआधी पहिलं काम एकच, कार्डातल्या क्लिप दोन ठिकाणी कॉपी करणं.