ओट्यावरच्या अकरा बाटल्या

कामशेतहून पवनानगरकडे जाताना बेडसे गाव लागतं. तिथल्या लेण्यांच्या डोंगराखाली पुण्यातल्या एका निवृत्त जोडप्याचं शेतघर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाआधीची आवराआवर चालली होती. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट रिकामं झालं आणि ओट्यावर वाइनच्या अकरा बाटल्या उभ्या राहिल्या. काही पाहुण्यांनी आणलेल्या, काही नाशिकहून येताना घेतलेल्या आणि एक विमानतळावर घेतलेली फ्रेंच, 2012 सालची. ही शेवटची घरमालकांनी मुद्दाम राखून ठेवली होती. जितकी जुनी होईल तितकी किंमत चढेल, असा त्यांचा हिशोब.

त्या दिवशी त्यांची भाची आली होती. नाशिकच्या एका वायनरीत तिनं नऊ वर्षं काढलेली. तिनं आधी बाटल्यांना हातच लावला नाही. कपाटातल्या फळीवर तळहात टेकवला. फळी कोमट होती. खाली गॅस, मागे पश्चिमेची भिंत, वर पत्रा.

"मामा, लोणचं असतं तर इथे छान मुरलं असतं. वाइन शिजते."

वाइनला मानवतं ते बारा-तेरा अंशांच्या आसपासचं, फारसं वरखाली न होणारं तापमान. मावळात हवा चांगली म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालचं कपाट पस्तिशीच्या पुढे सहज जातं. आतला द्रव फुगतो, बूच वर ढकलतो, रात्री गार झाला की आक्रसतो आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढून घेतो. उन्हाळाभर रोज हेच. भाचीनं एकेका बाटलीच्या मानेवरून बोट फिरवलं. दोन ठिकाणी बूच काठाच्या जरा वर आलेलं लागलं आणि आवरणाखाली चिकट, वाळलेला तांबडा ओघळ होता. त्या दोन तिनं न उघडताच बाजूला काढल्या.

तिसरी पांढरी, सहा वर्षांपूर्वीची. पेल्यात ओतली तेव्हा फिकट पिवळा रंग जाऊन कोऱ्या चहाची छटा आली होती. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. हवेनं खाल्लेल्या वाइनची हीच खूण. ती पिऊन कुणी आजारी पडत नाही, पण बागेत ज्या फळासाठी वर्षभर खपतात त्यातलं काहीही तिच्यात उरलेलं नसतं.

ते खपणं तिनं जवळून पाहिलं होतं. एप्रिलमधली खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. बाटलीवर साल असतं ते तोडणीचं. फ्रान्समध्ये द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास उतरतात, म्हणून एकाच सालाची आपली बाटली त्यांच्या बाटलीपेक्षा अर्ध्या वर्षानं मोठी असते. आपल्याकडची शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या ताज्या प्यायच्या वाइन, वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात. लाकडी पिंपात मुरवलेली एखादी चांगली शिराझ किंवा काबेर्ने काही वर्षं काढते, तीही गारव्यात ठेवली तर. 'जुनी तितकी चांगली' ही समजूत फार थोड्या बाटल्यांना लागू पडते. तिच्यापायी किती घरांत उत्तम वाइन कपाटातच मरते, याची हळहळ वाटते.

चौथ्या बाटलीच्या तळाशी पांढरे, चकाकणारे कण दिसले. मामींना काचेचा चुरा वाटला आणि त्या बाटली मोरीत ओतायला निघाल्या. भाचीनं त्यांचा हात धरला. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे खडे होते. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. वाइन गार झाली की ते खडे तळाशी बसतात आणि मुळीच अपायकारक नसतात. बाटली तासभर उभी ठेवून वाइन सावकाश ओतली, खडे तळातच राहिले.

पाचवीनं मात्र सगळ्यांना चकवलं. मामा म्हणाले, वास बरा आहे की. भाचीनं पेला दोनदा फिरवून हुंगला आणि अंगणात नेऊन पुन्हा हुंगला. ओला पुठ्ठा, भिजलेलं वर्तमानपत्र. बुचातल्या एका रसायनानं लागलेला हा दोष असतो आणि तो ना थंड करून जात, ना हवा देऊन. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथल्या बंद घरांतल्या गाद्यांना, पुस्तकांना हाच वास असतो. नाक त्याला इतकं सरावलेलं, की पेल्यातला दोष तिथे कळतच नाही. म्हणून ती अंगणात गेली होती.

संध्याकाळी इंद्रायणीचा भात आणि चिकनचा झणझणीत रस्सा होता. मामांनी लाल वाइन काढली, कारण मांसाबरोबर लाल असं त्यांनी ऐकलेलं. तिखटावर तुरट, चढी लाल वाइन घेतली की जिभेची आग वाढते. किंचित गोडसर, गार शेनिन तिथे जास्त जमते. लाल प्यायचीच तर ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. 'खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांचा. तो सोळा-अठरा अंशांचा आहे, मेमधल्या बेडशाचा नाही. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये गेली. तीन-चार दिवसांत ती संपवायची. रात्री पवनेच्या काठावर चक्कर मारायची टूम निघाली, तेव्हा गाडीची किल्ली मामींनी ठेवून घेतली. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती ओलांडायला फार प्यावं लागत नाही.

राहिली फ्रेंच बाटली. भाचीनं विचारलं, "मामा, विकणार कुणाला?" महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय एकही बाटली विकता येत नाही. लंडन-हाँगकाँगच्या लिलावात चढा भाव मिळतो तो निवडक वाइनना, आणि तोही बाटली पहिल्या दिवसापासून कुठे, किती गारव्यात होती याची कागदपत्रं असतील तर. तिथेही फसगत होते. रुडी कुर्निआवान हा अमेरिकेत घरी मिश्रणं करून दुर्मीळ फ्रेंच वाइन म्हणून लाखो डॉलरना विकत असे. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटल्यांऐवजी वाइन कंपनीत पैसे घालावेत, तर तिथे धंद्याची जोखीम आली. डिसेंबर 2022 मध्ये सुलाचा शेअर बाजारात आला. पण याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावला, शामराव चौगुल्यांनी उभी केलेली इंडाज एके काळी आपली फेसाळ वाइन युरोपात विकत होती, आणि पुढे ती कर्जात बुडाली हेही लोकांनी पाहिलं आहे.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उघड."

बूच अर्ध्यात तुटलं. उभ्या बाटलीत ते वाळून भुसभुशीत झालं होतं. आडवी ठेवली असती तर ओलं राहिलं असतं. वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. रंग विटकरी, चव जवळजवळ गेलेली, तरी शेवटी सुक्या अंजिराचा एक हलका वास आला. चौघांनी थोडी थोडी घेतली; चौथा गावातला राखणदार, त्यानं एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लेण्यांवर गेले. चैत्यगृहाच्या ओसरीत, घोड्या-हत्तींची शिल्पं माथ्यावर घेतलेल्या उंच खांबांपाशी पोचलं की घाम निवतो. तिथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक यानं दिलेल्या दानाची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचा पैसा इथवर आला होता. त्याच काळाच्या आसपास समुद्रापलीकडची वाइनही दख्खनकडे येत होती. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात 'पेरिप्लस' हा त्या काळचा ग्रीक प्रवासग्रंथ इटलीच्या वाइनला पहिली पसंती असल्याचं नोंदवतो, आणि नेवाशाच्या 1954 ते 1956 च्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांना रोमन कुंभांचे तुकडे सापडले. आतून राळेचा लेप दिलेले कुंभ वाइनसाठी वापरत. हवा आत जाऊ नये ही काळजी तेव्हाही होतीच. भाची विहाराच्या भिंतीला पाठ लावून म्हणाली, "मामा, घरात असा दगड कुठे आहे?"

होता. जिन्याखाली, उत्तरेकडच्या काळ्या दगडी जोत्याला लागून एक कोनाडा होता आणि त्यात पायपुसणी ठेवलेली. दुपारी राखणदारानं तो झाडून घेतला आणि बाटल्या सावरायला खाली दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या. बुचाच्या तीन बाटल्या आडव्या गेल्या, फिरकीच्या झाकणाच्या दोन उभ्याच राहिल्या, त्यांना चालतं. प्रत्येकीच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली, कधी आणली आणि कधीपर्यंत संपवायची. सर्वात जवळची तारीख दिवाळीची होती.