शिगा कोगेन : जपानातील हिमक्रीडेचे स्थान

हिम म्हणजे काय, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस केवळ पुस्तकांवरूनच ठाऊक असते. जपानातील पर्वतांवर मात्र दर हिवाळ्यास हिमाचे जाड थर साचतात व हजारो लोक त्यांवर क्रीडा करावयास जातात. अशा एका प्रसिद्ध स्थानाची माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव शिगा कोगेन. 'कोगेन' म्हणजे उंच पठार.

टोकियोहून नागानो शहरास शिंकान्सेन नामक वेगवान आगगाडीने सुमारे दीड तास लागतो. तेथून बस घाट चढत प्रवाशांस पठारावर नेते. येथील योकोतेयामा शिखर २,३०७ मीटर उंच आहे. आमचे कळसूबाई १,६४६ मीटर, यावरून त्या उंचीची कल्पना यावी.

बुटांस दोन लांब, अरुंद पट्ट्या जखडून उतारावरून घसरत जाणे, या खेळास स्कीइंग म्हणतात. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने ताकादा येथे जपानी सैनिकांस त्याचे रीतसर शिक्षण दिले. आता शिगा कोगेनवर अनेक डोंगरांचे उतार एकमेकांस जोडलेले असून, तारेवरून धावणारे पाळणे माणसांस वर नेतात. सोप्या वाटांस हिरवी, मध्यम वाटांस तांबडी व कठीण वाटांस काळी खूण असते. नवख्याने हिरवी खूण सोडू नये, आणि दोराने बंद केलेल्या जागी तर कोणीच जाऊ नये.

इतके हिम येते कोठून? हिवाळ्यात सैबेरियातून अतिशय थंड व कोरडे वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. दक्षिणेकडून येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे त्याचे पाणी त्या वाऱ्यांहून पुष्कळच उबदार असते, म्हणून वारे बाष्पाने जड होतात. पुढे पर्वत आडवे येताच ते वर चढतात, निवतात, आणि बाष्पाचे हिम होऊन खाली पडते. पर्वतांपलीकडील टोकियोत त्या वेळी बहुधा कोरडी हवा व स्वच्छ ऊन असते. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणास चिंब भिजवितात व सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस तुटपुंजा पडतो, तोच हा न्याय होय.

१९९८ साली नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले व त्यांतील काही शर्यती शिगा कोगेनवर झाल्या. सर्वांत वेगवान अशा उतरणीच्या शर्यतीसाठी येथील इवासुगे पर्वतावर नवा मार्ग काढण्याचा बेत आधी होता. परंतु त्यासाठी मूळचे रान तोडावे लागले असते. निसर्गरक्षकांनी विरोध केला, बेत सोडून देण्यात आला, आणि ती शर्यत हाकुबा येथील हाप्पो-ओने या पूर्वीपासून असलेल्या उतारावर घेण्यात आली.

सामने काही दिवसांत आटोपतात. तुटलेले रान पुन्हा उभे राहावयास कित्येक पिढ्या लागतात. म्हणून विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी कोणास तेथे जाण्याचा योग आल्यास उतारांवरील गर्दीबरोबरच इवासुगेचे ते रानही अवश्य पाहा. ते आपोआप राहिलेले नाही. माणसांनी विचारपूर्वक राखलेले आहे.