हुतूतूचा दम आणि पडद्यावरचा डाव

डाव मांडला जातो, डाव चालतो, डाव संपतो, क्वचित भांडणाने मोडतोही. परंतु मांडलेला प्रत्येक डाव रंगतोच असे नाही. तोच पट, तीच माणसे, तेच नियम असूनही एके दिवशी डाव असा रंगतो की दिवेलागण झाल्याचे भान कोणास राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तासाभरात जांभया येऊ लागतात. हे रंगणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न जुनाच आहे. आज तो नव्याने विचारण्याचे कारण असे की, आपल्या घरांतील मुले ज्या खेळांत सर्वाधिक रंगतात ते अंगणात नसून हातातल्या मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर असतात. वडीलधाऱ्यांस त्यांत गोळीबार आणि गोंगाट यांपलीकडे काही दिसत नाही. मुलगा हाक मारूनही जेवायला उठत नाही, एवढेच कळते. तो का उठत नाही, हे समजून घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे.

कोणता व्हिडिओ गेम सर्वांत उत्कट, असे पाच तरुणांस विचारावे, तर पाच नावे येतात आणि वाद सुरू होतो. एकाचे म्हणणे, अमक्या खेळातील चित्रे हुबेहूब. दुसऱ्याचे म्हणणे, तमक्यातील राक्षस भयंकर. आमच्या मते या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. खेळाची उत्कटता चित्रांत नसून नियमांत असते, आणि त्यांतही एका नियमात: हरल्यावर खेळाडूचे काय होते? हे ज्यास कळले त्यास निम्मा विषय कळला. आणि मौज अशी की, हे आपल्याकडच्या हुतूतूच्या खेळाडूंस संगणकाचा जन्म होण्यापूर्वीच उत्तम कळलेले होते.

हुतूतू, म्हणजेच कबड्डी. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याचे नियम छापून काढले आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो युरोपास दाखविला, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु नियम एकसारखे होण्यापूर्वी हा खेळ तीन निरनिराळ्या रीतींनी खेळला जाई, याची आठवण आता मागे पडली आहे. पहिली रीत संजीवनी. तीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. दुसरी गामिनी. तीत जो गेला तो गेला. त्या बाजूचे सर्व गडी बाद होऊन डाव संपेपर्यंत त्याने नुसते पाहत बसावयाचे. तिसरी अमर. तीत गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्या बाजूस फक्त एक गुण मिळतो. खेळ तोच, मैदान तेच, दमही तोच. पण तिन्हींची चव अगदी निराळी! अमरमध्ये चढाई करणारा बेधडक धावतो, कारण जावयाचे ते गुण जाणार. गामिनीत शेवटच्या दोन गड्यांची पावले जड होतात, प्रेक्षकही श्वास रोखतात. संजीवनीत एकट्या उरलेल्या गड्याच्या खांद्यावर बाहेर बसलेल्या साऱ्यांचे प्राण असतात. आजच्या कबड्डीने संजीवनीचीच रीत स्वीकारली आहे, आणि २०२४ साली पुणेरी पलटणने व्यावसायिक स्पर्धेचा दहावा हंगाम जिंकला तो याच नियमाने.

या तीन शब्दांची किल्ली घेऊन आता पडद्यावरच्या खेळांकडे वळू.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी. ते डावी-उजवीकडे सरकत एकेक पायरी खाली उतरतात आणि खालून एकाच तोफेने त्यांस टिपावयाचे. त्या काळच्या यंत्रास पंचावन्न आकृत्या हलविणे जड जाई. जसजसे शत्रू मरत, तसतसे यंत्राचे ओझे हलके होई आणि उरलेले अधिक वेगाने सरकू लागत. ही खरे पाहता यंत्राची अशक्तता. परंतु निशिकादो यांनी ती दुरुस्त न करता तशीच ठेवली. त्यामुळे विजय जवळ आला की संकट वाढते, आणि शेवटचा एकटा शत्रू सर्वांत चपळ होतो. त्याच्या जोडीला चार स्वरांचा एक ठेका सतत वाजत असतो. तोही जलद होत जातो. विलंबितातून द्रुत लयीत शिरताना बैठकीत जे होते त्याची ज्यांस सवय आहे, त्या पुणेकर श्रोत्यांस या युक्तीचे रहस्य वेगळे सांगावयास नको. हातांची गती लयीमागे धावू लागते आणि विचार मागे पडतो.

‘टेट्रिस’ची गोष्ट याहून चमत्कारिक. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो रचला. वरून चार चौकोनांचे तुकडे पडतात, ते बसवून आडवी ओळ पुरी करावयाची. पुरी झाली की ती नाहीशी होते. यात शत्रू नाही, शस्त्र नाही, रक्ताचा थेंब नाही. तरीही रंगण्याच्या बाबतीत तो कोणत्याही युद्धखेळास हार जाणार नाही. त्यात जिंकणे ही गोष्टच नव्हती, केवळ टिकणे होते. त्याच्या निन्टेन्डो यंत्रावरील जुन्या आवृत्तीत डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली, तेव्हा यंत्रच थिजले. माणूस हरण्याऐवजी खेळ हरला, असे त्या खेळात माणसाच्या हातून प्रथमच घडले. उत्कटता रक्तपातातून येते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

आता ज्यावर घरोघर सर्वाधिक कलह झाला, त्या पब्जीकडे येऊ. हा खेळ २०१७ साली संगणकावर आणि २०१८ साली मोबाईलवर आला. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उड्या घेतात. कोणाजवळ काही शस्त्र नसते. पडक्या घरांतून हुडकून ते मिळवावयाचे. नकाशावरील एक वर्तुळ थोड्या थोड्या वेळाने आकसत जाते आणि त्याबाहेर राहणारा मरतो. अशा रीतीने सारे जण हळूहळू एका शेतात, मग एका टेकाडावर, मग एका झुडुपाभोवती ढकलले जातात. शेवटी जो उरतो तो जिंकतो. सुमारे अर्ध्या तासाचा हा डाव.

हा शुद्ध गामिनी होय. मेलेल्याने पाहत बसावयाचे, नाहीतर नवा डाव मांडावयाचा. आणि बाहेरून पाहणाऱ्यास जे कधी उमगत नाही ते हे की, या खेळाचा बहुतेक वेळ गोळीबारात जातच नाही. तो जातो शांततेत. खेळाडू एका खोलीत दाराआड बसलेला असतो, कानाला यंत्र लावून जिन्यावरची पावले ऐकत. वीस मिनिटे जपलेला जीव एका चुकीने जाणार असतो, म्हणूनच ती पावले एवढी मोठी वाजतात. पहिल्या मिनिटाला मरणाऱ्यास काहीच वाटत नाही. शेवटच्या पाचांत आलेल्याचे हात थरथरतात. गोळी तीच, पण गमावण्यासारखे किती साठले आहे त्यावर तिचे वजन ठरते.

त्यातही चौघांच्या संघाने खेळताना एक संजीवनी ठेवलेली आहे. गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही, गुडघ्यांवर रांगतो. सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद त्याची शुश्रूषा केली तर तो उठतो. ते काही सेकंद सोबतीही उघडा पडतो. मित्रासाठी धावावे की आपला जीव राखावा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. त्याच वेळी स्वयंपाकघरातून हाक येते. एकट्याने खेळावयाचे पुष्कळ खेळ मधेच थांबविता येतात. येथे डाव थांबविण्याची सोयच नाही, कारण उरलेले नव्व्याण्णव थांबणार नाहीत. उठून गेले तर स्वतः मरावयाचे आणि तिघा मित्रांस वाऱ्यावर सोडावयाचे. हुतूतूत दम चालू असताना चढाईच्या गड्यास कोणी जेवायला बोलावले असते काय? त्या मुलाचा उद्धटपणा पुष्कळदा एवढाच असतो.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर अनेक चिनी संबंधांच्या ॲपबरोबर मोबाईलवरील पब्जीवर बंदी घातली. कारण देशाची सुरक्षितता हे होते, मुलांचा अभ्यास नव्हे. पुढे जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

संजीवनीचा दुसरा, अधिक कडू प्रकार जपानच्या हिदेताका मियाझाकी यांनी ‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या खेळात योजला. तेथे मेल्यावर पुन्हा उठता येते, पण मिळविलेले सारे धन मेल्या जागी पडून राहते. ते आणण्यास एकच संधी. त्या वाटेवर पुन्हा मृत्यू आला तर ते कायमचे गेले. म्हणजे मरण स्वस्त, दुसरे मरण महाग. आमच्या मते खेळरचनेतील ही अलीकडची सर्वांत हुशार युक्ती आहे, कारण ज्या वाटेवर आपण हरलो तीच वाट ती आपल्याला अधिक सावधपणे पुन्हा चालावयास लावते.

या शहरातही असा खेळ रचणारे आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेली एक डोंबारी मुलगी, तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ, आणि भोवती राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणारे महाल. २०१७ साली लोकवर्गणीने पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न साधला नव्हता. तरी पुढे त्याच वर्षीच्या, म्हणजे २०२० च्या, जागतिक ‘गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पहिल्या कृतीसाठीच्या पुरस्काराच्या नामांकनांत तो आला. यातील युद्धाची खुबी कसरतीत आहे: भिंतीवर धावत जाऊन उलट झेप घ्यावयाची, खांबाभोवती गिरकी घेऊन मारावयाचे. मलखांब ज्याने पाहिला आहे त्याच्या डोळ्यांना हे परके वाटत नाही. मेल्यास थोडे मागे जाऊन पुन्हा आरंभ होतो. शिक्षा सौम्य आहे. म्हणून यात पब्जीची थरथर नाही, पण हाताची सफाई जमत गेल्याचा आनंद आहे, आणि तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

या आनंदाचा शास्त्रीय अभ्यास हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी यांनी केला. गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शस्त्रवैद्य अशांस विचारून १९७५ सालच्या ग्रंथात त्यांनी दाखविले की, काम अवघड आणि अंगची कुवत जेथे तोलास तोल येतात तेथे माणसाची तंद्री लागते. काम सोपे झाले की कंटाळा, कुवतीबाहेर गेले की धास्ती. उद्दिष्ट स्पष्ट हवे आणि प्रत्येक कृतीचे फळ तात्काळ दिसावयास हवे. व्हिडिओ गेममध्ये या सर्व अटी कारागिरीने जुळवून ठेवलेल्या असतात. शाळेतील गणिताच्या तासाला त्या क्वचितच जुळतात, हे शिक्षकांनी रागावू नये म्हणून हळूच सांगतो.

परंतु येथे एक भेद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. रंगणे निराळे आणि चिकटणे निराळे. रंगलेला डाव संपतो. संपल्यावर माणूस थकतो, उठतो, पाणी पितो. उलट मोबाईलवर असे खेळ पुष्कळ आहेत की ज्यांत उत्कटतेचा अंशही नसतो, पण रोज हजेरी लावली तर बक्षीस आणि न लावली तर नुकसान असते. आणि पैसे भरून बंद पेटी उघडावयाची, आत काय निघेल ते नशीब. त्यांना अंत नाही. खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर ताणही नसतो, आनंदही नसतो. आम्हांस भय वाटते ते या दुसऱ्या जातीचे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकारास रोगांच्या वर्गीकरणात स्थान दिले, ते जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात खेळाच्या तासांची संख्या ही कसोटी नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे, अशी लक्षणे सांगितली आहेत. पैसे लावण्याच्या खेळांची तर गोष्टच वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्स म्हणून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांस त्यातून वेगळे काढले.

राहिला अंगणाचा प्रश्न. मुलांनी खरी हुतूतू खेळावी, हे म्हणणे आम्हांसही मान्य आहे. पण ओंकारेश्वरापासून अप्पा बळवंत चौकापर्यंत शनिवार पेठेतून चालत जावे आणि तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मोकळी जागा कोठे सापडते ते पाहावे. वाडे गेले, त्यांचे चौक गेले. नव्या इमारतींच्या तळाशी वाहने उभी आहेत. शनिवारवाड्यापुढचे पटांगण आहे, पण एका पेठेची सारी मुले त्यात किती मावणार? दम धरण्याची हौस मात्र मुलांत पूर्वीइतकीच आहे, आणि तिला जी जागा मिळाली ती सहा इंच रुंदीची आहे. तोवर घरातल्या मोठ्यांना एवढे करता येईल: जेवणाची हाक मारण्याआधी मुलाच्या शेजारी जाऊन बसावे आणि विचारावे, वर्तुळ किती उरले आहे? उत्तरावरून भात केव्हा वाढावयाचा ते बरोबर कळते.